मधुकररावांनी शिकलेली पहिली चाल

मधुकरराव निमजे यांनी मुलाकडे मागितली होती लहान पेटी. भजनात वाजते तीच, फक्त आकारानं बेताची, मांडीवर मावेल अशी. मुलगा अश्विन पुण्याला कंपनीत. त्यानं मधल्या सुट्टीत फोनवर चार चित्रं पाहिली, लहान आहे, भाता आहे, सूर निघतात, एवढं जुळल्यावर पैसे भरून टाकले, आणि आठवड्यानं आंधळगावात जे खोकं पोचलं त्यातून निघाला एक सहा कोनांचा डबा. दोन्ही अंगांना दहा-दहा बटणं, हात अडकवायला पट्टे, मधे घड्यांचा भाता. सोबतच्या कागदावर नाव होतं कॉन्सर्टिना.

"हे काय वो?" त्यांच्या पत्नी शोभाताईंनी विचारलं. "कंदील हाय का डब्बा?"

"पेटी हाय," मधुकरराव म्हणाले. आपल्या मुलानं पाठवलेली वस्तू चुकीची आहे असं बायकोसमोर कबूल करणारा माणूस अजून जिल्ह्यात जन्माला यायचा आहे. परत पाठवायची मुदत दहा दिवसांची होती. पहिले अकरा दिवस तो डबा देवघराच्या फळीवर नारळाशेजारी होता.

खरं सांगायचं तर मधुकररावांना गाण्याबजावण्याची काडीची हौस नव्हती. पन्नास वर्षं त्यांनी माग चालवला. करवती काठाची साडी विणावी तर निमज्यांनी, असं मोहाडीपासून भंडाऱ्यापर्यंत बोललं जायचं, आणि त्यात निम्मं तरी मधुकरराव स्वतःच बोलायचे. गुडघे गेले तसा तीन वर्षांपूर्वी माग मोडला. त्या मागाशेजारी बेचाळीस वर्षं शोभाताई बसत. कांड्यांवर सूत भरत, आणि अवघड पदर असला की नक्षीचा कागद हातात धरून मोठ्यानं वाचून दाखवत, "दोन उचला, एक सोडा, तीन उचला." भांडणं, सोयरिकी, मुलाच्या फीची चिंता, सगळं त्या वाचनाच्या अधेमधे उरकून जायचं.

माग गेला आणि शोभाताईंचा दिवस मोकळा झाला. त्या महिला भजन मंडळात गेल्या. दुपारी तीनला चप्पल पायात, पाचला परत. सून दामिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, तीही पाचलाच येणार. म्हणजे तीन ते पाच घरात मधुकरराव आणि पंखा. त्यांना करमत नसे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही, कारण सत्तरीला आलेल्या माणसाला बायकोवाचून करमत नाही हे सांगायचं कोणाला?

अशात कळलं की मंडळाच्या प्रमुख उषाबाई यांचा पेटी वाजवणारा भाऊ मुलीकडे नागपूरला राहायला चालला. मंडळात पुरुष एकच, पेटीवाला. ती जागा रिकामी होणार होती. मधुकररावांना पेटी हवी झाली ती त्या संध्याकाळी.

शोभाताईंनी अट घातली. "एक चाल धड वाजवून दाखवा, मंग मी उषाबाईजवळ शब्द टाकीन. नाही जमलं त हा डब्बा भंगारवाल्याले देईन. आन् मी घरात असताना वाजवाचा नाही. मांजर चेंगरल्यावानी आवाज हाय त्याचा."

आता प्रश्न आला तो चाल कोणती घ्यायची याचा. तुम्हाला वाटेल त्यात काय एवढं. पण हा डबा मोठा विचित्र होता. एकच बटण, भाता दाबला की एक सूर, ओढला की दुसरा. गाणाऱ्या माणसाला यानं वेड लागेल. मधुकररावांना मात्र हे पहिल्या दिवशी पटलं. एका हातानं धोट्याची दोरी ओढायची, दुसऱ्यानं फणी ठोकायची, यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी ठरवलं की चाल निवडायची ती काठ निवडतात तशी. नवशिक्या विणकराला कोणी मोर देत नाही, देतात ती चार धाग्यांत फिरून येणारी नक्षी. तेव्हा जो भेटेल त्याला ते विचारू लागले, "तुमची चाल किती टाक्यात फिरून येते?" लोक विचारात पडत.

शेजारचा भुपेंद्र लग्नात मंडप आणि डीजे लावतो. तो म्हणाला, "काका, वरातीची घ्या. ज्याच्यावर लोक नाचत नाही ते गानं कायचं?" मधुकररावांनी भाता एकदा जोरात ओढून पाहिला, दम लागला आणि वरात रद्द झाली. उषाबाईंच्या आवडीची एक संथ, रडवेली चाल होती. ती दामिनीनं बटणं तपासून बाद केली, शाळेत मुलांची गाणी तीच बसवायची. "मामाजी, तिले कोमल सूर लागतात. ह्याच्यात ते नाहीत."

"नाही त नाही. आपल्या हाताले बी कोमल काही जमनारं नव्हतं," मधुकरराव म्हणाले.

मग त्यांनी आरती घेतली. सगळ्यांना येते, टाळ्यांवर चालते, लवकर फिरून येते. दामिनीकडून बटणं समजून घेऊन ते दुपारी सुरू झाले. पण आरतीची एक अडचण असते, ती सुरू झाली की मधे सोडता येत नाही. मधुकरराव दुसऱ्या ओळीत अडकायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. बाजूच्या घरच्या सुलोचनाबाई ऐंशीच्या, डोळ्यांनी कमी. आरती कानावर आली की त्या बाजेवरून उठून हात जोडून उभ्या राहायच्या. आरती संपेना, म्हातारी बसेना. तिसऱ्या दिवशी त्यांची सून दारात आली. "काका, एक त पूर्ण करा, नाही त सुरू करू नका. आमच्या आत्याबाईचे पाय सुजले. आन् परसाद कधी वाटता म्हनून रोज इचारून राहिल्या."

प्रसाद वाटून आरती बंद झाली.

नंतर आला पाळणा. हा खरंच सोपा, चार सुरांत झुलणारा. आठवडाभर मधुकररावांनी पाळणा वाजवला आणि तो बऱ्यापैकी ओळखू येऊ लागला, इथंच घात झाला. शनिवारी दामिनी शाळेतून आली तर उषाबाई ओट्यावर बसलेल्या, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. "कितवा लागला वं पोरी?" दामिनीला काही कळेना. कळलं तेव्हा ती लाल झाली, आणि रात्रीच्या जेवणाला अश्विनचाही पुण्याहून फोन आला, कारण भुपेंद्रनं त्याला अभिनंदनाचा संदेश पाठवला होता आणि ही बातमी नवऱ्यालाच माहीत नव्हती.

"मामाजी," दामिनी ताट वाढताना शांतपणे म्हणाली, "चाल बदला."

लाडू मात्र कोणी परत केले नाहीत.

शेवटी मधुकररावांना जे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. मंडळाचंच भजन घ्यावं. उषाबाईंच्या आईनं बांधलेलं एक साधं भजन मंडळ तुमसरच्या स्पर्धेत म्हणणार होतं, "गंगेकाठी दिवा, दिव्यापाशी माय." गंगा म्हणजे आपली वैनगंगा. शोभाताई कारध्याच्या, नदीवर वाढलेल्या, त्यांचा त्या भजनावर जीव. मधुकररावांनी दामिनीला गुपचूप गाठलं. "सासूले सांगू नको. पन मले ते सा-रे-ग-म काही उमजत नाही. मले नक्षी काढून दे."

दामिनी हुशार. तिनं जुन्या ट्रंकेतला चौकटींचा नक्षीकागद काढला. एका ओळीत एक सूर. जे बटण धरायचं त्या घरात रंग. भाता दाबायचा असेल तर लाल, ओढायचा असेल तर निळा. चौसष्ट ओळी. कागद पाहून मधुकररावांचे डोळे भरून आले. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाचता येईल असं काही कोणी त्यांच्या हातात दिलं होतं.

महिनाभर त्यांनी मान मोडून मेहनत केली. तीनला शोभाताईंची चप्पल वाजली की कडी लावायची, कागद भिंतीला टाचायचा, आणि पाचपर्यंत दाब-ओढ, दाब-ओढ. चाल काही ओळखीची वाटत नव्हती, हे खरं. पण त्याची त्यांना चिंता नव्हती. त्यांच्या मागावर पदर नेहमी उलट्या बाजूनं विणला जायचा. विणताना दिसतात ते नुसते लोंबते धागे, मोर दिसतो तो साडी उतरवल्यावर. हीही चाल हात बसला की सुलटी होईल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. स्पर्धेला बारा दिवस उरले तेव्हा चौसष्टच्या चौसष्ट ओळी त्यांना न थांबता येऊ लागल्या.

त्या दिवशी ते तीन वाजता धुतलेलं धोतर नेसून, डबा काखेत मारून, शोभाताईंच्या मागोमाग उषाबाईंच्या अंगणात हजर झाले. कागदही आणला होता, आधाराला. शोभाताई धरून नऊ बाया टाळ घेऊन बसल्या. "तुमी म्हना," मधुकरराव ऐटीत म्हणाले, "मी धरतो."

बायांनी "गंगेकाठी" म्हटलं. मधुकररावांच्या डब्यातून जे निघालं त्याला गंगा नव्हती, काठ नव्हता, दिवा तर नव्हताच. बाया वर चढत होत्या तिथं तो खाली उतरत होता. ज्या ठिकाणी त्या श्वास घेत त्या ठिकाणी तो जोरात बोलत होता. दोन ओळींत टाळ थांबले. मधुकरराव डोळे मिटून शेवटपर्यंत गेले, एकही बटण चुकलं नाही, आणि डोळे उघडून कौतुकाची वाट पाहू लागले.

उषाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "भाऊजी, हे कोनत्या गावचं भजन हाय?"

"हेच! तुमचंच! एक टाका चुकला नाही, कागद पाहा!" त्यांनी कागद पुढं केला आणि बोटानं दाखवत गेले, ही पहिली ओळ, ही दुसरी, ही तिसरी.

शोभाताई त्या बोटाकडे पाहत होत्या. बोट कागदाच्या तळाशी टेकलं होतं आणि एकेक घर वर चढत होतं. कापड विणणाऱ्याच्या पोटापासून पुढं वाढत जातं, म्हणून नक्षीचा कागद नेहमी खालून वर वाचतात. निमज्यांच्या चार पिढ्यांनी तो तसाच वाचला. आणि दामिनी शाळेतली मास्तरीण, तिनं भजन वरून खाली लिहिलं होतं.

शोभाताईंना आधी खोकला आल्यासारखं झालं, मग हसू फुटलं, मग त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. "माय वं! अजी, तुमी भजन नाही, पदर इनून राहिले! खालून वर! महिनाभर भजन उलटं वाजवलं तुमी!"

सगळं अंगण पोट फुटेस्तोवर हसलं. मधुकरराव हसले नाहीत. ते कागदाची घडी घालत राहिले, आणि घडी काही नीट पडेना. नऊ बायांसमोर आपलं हसं झालं याचं त्यांना तेवढं वाटलं नाही. पुढच्या दुपारी पुन्हा आपण आणि पंखा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

उषाबाई तोंडाच्या फटकळ पण व्यवहाराच्या पक्क्या. भाऊ गेलेला, दुसरा पेटीवाला मिळत नव्हता. "उलटं का असेना, चौसष्ट सूर बिनचूक वाजवले मानसानं," त्या म्हणाल्या. "बारा दिवसांत सुलटं होते का पाहा. शोभा, तुले त्यायचा कागद वाचता येते. तू घरी बस त्यायच्याजवळ. इथं तुझ्यावाचून चालंल."

अशा रीतीनं दुसऱ्या दिवशी तीन वाजता शोभाताईंनी चप्पल घातली नाही. त्या मधुकररावांच्या उजव्या हाताला, मागाशेजारी बसत तशाच बसल्या, कागद धरला आणि वरच्या टोकापासून वाचू लागल्या. "तीन दाबा. तीन ओढा. चार दाबा. अजी, वरून! खाली कायले पाहता?" मधूनच गोष्टी निघायच्या. दामिनीच्या बदलीचं काय झालं, भुपेंद्र पोरगी पाहून आला म्हणे, कारध्याच्या भाच्याचं घर कुठवर आलं. मग पुन्हा, "पाच ओढा." साडेचारला चहा.

पाचव्या दिवशी मधुकररावांना चाल आली. पूर्ण, सुलटी, गंगेकाठासकट. बोटांना ती आपोआप कळली, आणि शेवटच्या ओळीच्या तोंडाशी त्यांच्या लक्षात आलं की ही वाजवून संपवली तर शोभाताई उद्या तीनला चप्पल घालतील. त्यांनी मुद्दाम चुकीचं बटण दाबलं.

"पुन्हा," शोभाताई म्हणाल्या.

पुन्हा झालं. सहाव्या दिवशी झालं, सातव्या दिवशी झालं. कधी साठाव्या ओळीत, कधी बासष्टाव्या, पण चहाच्या आधी चाल काही पूर्ण होईना. मधुकरराव हळहळायचे, कपाळावर हात मारायचे. नाटक चांगलं वठत होतं असा त्यांचा समज होता.

आठव्या दिवशी शोभाताईंनी कागद खाली ठेवला. "तुमी चुकत नाही. चुकवून राहिले."

"मी कायले चुकवीन?"

"बेचाळीस वर्सं पाहिलं मी तुमाले. खरोखर धागा चुकला का तुमचा डावा खांदा वर जाते. चार दिवसांपासून तो खांदा हालला नाही." त्या खरंच चिडल्या होत्या. "तिकडं बाकीच्या बाया वाट पाहून राहिल्या, उषाबाई रोज इचारते, आन् तुमाले मस्करी सुचते? काहून करता असं?"

मधुकररावांनी डबा मांडीवर मिटला. दोन-तीन सबबी त्यांच्या तोंडाशी आल्या. त्यांनी त्या गिळल्या.

"तू गेली का घर खायले उठते," ते म्हणाले. "मले नाही करमत. पेटीबिटी काही नाही पाहिजे मले. तू बसते जवळ, वाचते, तेवढं पुरे."

शोभाताईंनी पदर खोचला. उठून आत गेल्या. आत कपबशा जरा जास्तच वाजल्या. चहा घेऊन आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते, पण आवाज नेहमीचा. "पह्यले पूर्ण वाजवा. मंग चहा."

त्यांनी पूर्ण वाजवली.

तुमसरच्या मंचावर नऊ बाया आणि एक धोतरवाले मधुकरराव बसले. निवेदकानं कागद पाहून "महिला भजन मंडळ" म्हटलं, मधुकररावांकडे पाहिलं, पुन्हा कागद पाहिला आणि पुढं गेला. परीक्षकांनी वाद्याचं नाव विचारलं तर मधुकररावांनी ठणकावून "पेटी" सांगितलं. भजन छान झालं. बाया जिथं चढल्या तिथं डबाही चढला. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, स्टीलचे डबे, तेही नऊच, कारण नावं नऊच दिली होती. येताना एस.टी.त मधुकरराव सगळ्यांचे डबे मांडीवर घेऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले. स्पर्धा झाली होती, चाल झाली होती. आता मंडळात गेलं की वाजवायला मिळणार, उषाबाईंनी तसं सांगितलं होतं, पण कालच्या प्रवासानं मधुकररावांचा गुडघा सुजला होता आणि आज काही तिथवर चालवत नव्हतं. त्यांनी डबा फडक्यात गुंडाळला. दारात चप्पल सरकल्याचा आवाज आला. ते तिकडे न बघता म्हणाले, "ये जाऊन. मी ठीक हाय."

चप्पल सरकली होती ती कोपऱ्यात. शोभाताई आत आल्या, ट्रंक उघडून नक्षीकागदाची कोरी गुंडाळी काढली आणि त्यांच्या उजव्या हाताला बसल्या.

"दुसरी चाल कोनती घेता?"

मधुकररावांनी घाईघाईनं मनात चाळून एक सोपी सांगितली, लहान मुलांची, सोळा ओळींत फिरून येणारी.

"हट्!" शोभाताई म्हणाल्या. "ते त चार दिवसांत होऊन जाईल. मोठी पाहा. उन्हाळाभर पुरंल अशी."